पार्कमधली रिकामी जागा भरण्याआधी ती वाचायची कशी

थीम पार्कच्या कामात नव्याने आलेल्या माणसाच्या हातात साइट प्लॅन दिला, की तो आधी कोऱ्या जागा शोधतो. इथे एक पाळणा बसेल, तिथे दोन फूड स्टॉल, तळ्याकाठी एखादी छोटी राइड. माझीही सुरुवात अशीच झाली होती, आणि पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराने हेच केलं. पण नकाशावर कोरी दिसणारी जागा प्रत्यक्षात रिकामी असतेच असं नाही. खरी वाया जाणारी जागा तर नकाशावर बहुतेक वेळा भरलेली दिसते. दुपारी ओस पडलेलं ॲम्फीथिएटर, दोन वर्षं कुलूप लागलेली राइड, रविवार सोडला तर कोणी न वापरणारी रांगेची शेड, या सगळ्या चौकटी नकाशावर व्यवस्थित रंगवलेल्या असतात.

हा लेख पार्कच्या नियोजनात किंवा ऑपरेशन्समध्ये नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. छोटा वॉटर पार्क किंवा कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल. उदाहरणं मात्र मी मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची घेतली आहेत. १९५५ साली उघडलेलं ते पार्क चहूबाजूंनी ॲनाहाइम शहरात अडकलं आहे. पसरायला जागाच नाही, त्यामुळे आहे त्या जागेचं काय काय करता येतं आणि कुठे चुकतं, हे तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मोकळ्या माळावरच्या पार्कात दिसत नाही.

पायरी १: तीन फेऱ्या आणि एक काउंटर

नकाशाची मोठी प्रत काढा, तीन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि हातात धरायचा साधा काउंटर विकत घ्या. एक साधा वार आणि एक रविवार निवडा. दोन्ही दिवशी तीन फेऱ्या मारा: गेट उघडल्यावर तासाभराने, दुपारी दोनला आणि बंद होण्याच्या तासभर आधी. प्रत्येक फेरीचा रंग वेगळा ठेवा.

ज्या जागेबद्दल शंका आहे तिथे पंधरा मिनिटं उभं राहा आणि तीनच गोष्टी मोजा. किती लोक गेले, किती थांबले, किती बसले. बसले असतील तर कशावर, तेही लिहा. लोक झाडाच्या कट्ट्यावर, पायरीवर किंवा कुंडीच्या काठावर बसत असतील, तर तिथे बाक हवा आहे आणि तो कुठे हवा आहे हेही त्यांनीच दाखवून दिलं आहे. सावली कुठे पडते ते प्रत्येक फेरीत नकाशावर आखा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारची सावली हाच पार्कचा खरा नकाशा असतो. उन्हातली फरसबंदी कितीही सुंदर असली तरी अकरा ते चार ती कोणाच्या उपयोगाची नसते.

आता चालू राइड्सकडे वळा. समजा एका राइडमध्ये २४ जण बसतात आणि चढणं, फेरी, उतरणं मिळून ५ मिनिटं लागतात. तासाला १२ फेऱ्या, म्हणजे २८८ माणसं. हे कागदावरचं गणित. तुम्ही तासभर उभं राहून मोजलं आणि आकडा १५० च्या आसपास आला, तर ती राइड नकाशावर पूर्ण भरलेली असूनही जवळजवळ अर्धी रिकामी आहे. कारण शोधा. बेल्ट तपासायला एकच माणूस असेल, बॅगा ठेवायला जागा नसेल, किंवा चढायचं आणि उतरायचं दार एकच असेल. अशा ठिकाणी एक माणूस वाढवला किंवा बॅगांचा रॅक लावला, तर नवी राइड न घेता तासाला शंभर माणसांची सोय होते. नव्या माणसाने स्वतःचं नाव कमवायचं असेल तर ते इथे कमवावं.

पायरी २: जागा रिकामी का आहे, ते आधी विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत तीच सुटते. पार्कमधले जुने माळी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्यासोबत चहा घ्या आणि नकाशा पुढ्यात ठेवून एकेका जागेची गोष्ट विचारा. खालून कुठली केबल गेली आहे, पावसाचं पाणी कुठून वाहतं, हा तुकडा मूळ मालकाने का सोडला होता, हे ड्रॉइंगवर नसतं. या माणसांना तोंडपाठ असतं.

काही जागा रिकाम्या राहूनच काम करत असतात. घरापुढचं अंगण बघा. रोज तिथे काही नसतं, पण पापड वाळवायला, मांडव घालायला, चार माणसं जमली की बसायला तेच लागतं. अंगण मोकळं आहे म्हणून कोणी त्यात खोली काढत नाही. पार्कमध्येही अशी अंगणं असतात: अग्निशमन दलाची गाडी वळायची जागा, संकटात लोकांना एकत्र जमवायची जागा, आतषबाजी होत असेल तर तिच्या खालचा पट्टा, फिरत्या राइडभोवती हात-पाय लागू नयेत म्हणून सोडलेलं अंतर, मिरवणूक बघायला लोक उभे राहतात तो रस्त्याचा फुगवटा. या जागा लाल पेन्सिलने आखून टाका आणि चर्चेतून बाहेर काढा. कोकणात किंवा घाटाच्या पायथ्याशी पार्क असेल तर एकही निर्णय जुलै बघितल्याशिवाय घेऊ नका. उन्हाळ्यात वाया गेल्यासारखी वाटणारी पट्टी पावसात ओढा होते.

दुसरा प्रकार बंद पडलेल्या राइड्सचा. यात सगळ्यात मोठा मोह असतो, कारण सांगाडा उभाच असतो आणि तो फुकट मिळाल्यासारखा वाटतो. डिस्नेलँडच्या टुमारोलँड भागात पीपलमूव्हर नावाची संथ, उंचावरून फिरणारी राइड होती. ती १९६७ मध्ये सुरू झाली आणि १९९५ मध्ये बंद झाली. तिच्याच उंच मार्गावर १९९८ मध्ये रॉकेट रॉड्स ही वेगवान राइड आणली. पण मूळ मार्ग संथ गाडीसाठी बांधलेला होता, त्याच्या वळणांना वेगासाठी लागणारा उतार नव्हता. प्रत्येक वळणाआधी गाडीचा वेग कमी करायचा आणि मग पुन्हा वाढवायचा. यंत्रणेला हे झेपलं नाही आणि २००० मध्ये राइड बंद झाली. तो रिकामा मार्ग आजही लोकांच्या डोक्यावर उभा आहे.

त्याच भागातल्या पाणबुडीच्या तळ्याची गोष्ट बरोबर उलटी आहे. १९५९ ची पाणबुडीची सफर १९९८ मध्ये बंद झाली आणि तळं कित्येक वर्षं नुसतं पडून राहिलं. २००७ मध्ये त्याच पाणबुड्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाची गोष्ट घेऊन परत आल्या. डिझेलची इंजिनं काढून विजेवर चालणारी यंत्रणा बसवली, गोष्ट नवी केली. पण पाणबुडीकडून पाणबुडीचंच काम करून घेतलं. म्हणून ते टिकलं. जुन्या सांगाड्यात काही नवं घालायचं असेल तर एक प्रश्न विचारा: हा सांगाडा ज्या वेगासाठी, ज्या वजनासाठी आणि जितक्या माणसांसाठी बांधला होता, नवी गोष्ट त्या मर्यादेत बसते का? बसत नसेल तर पाडण्याचा खर्च आजच धरा.

पायरी ३: बोळाला तोंड द्या

पार्कमध्ये एखादा कोपरा कायम ओस असेल, तर बहुतेक वेळा तो बोळ असतो. जायची वाट एक, यायची वाट तीच. तिथे काय ठेवलं आहे हा पुढचा प्रश्न. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचं, हे माणसाच्या पायांना आवडत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला आपल्या जत्रेतल्या पाळणेवाल्याला उपजत कळतो. उंच पाळणा तो वेशीपाशी उभा करत नाही, आत खोलवर करतो. दुरून पाळणा दिसतो, पोरं आईबापांचा हात ओढत तिकडे निघतात आणि वाटेत खेळणी, भेळ, बांगड्या सगळ्यांपुढून जातात. वॉल्ट डिस्ने अशा दुरून दिसणाऱ्या आकर्षणाला ‘वीनी’ म्हणत असे. वीनी म्हणजे सॉसेज, जे दाखवलं की कुत्रं मागे मागे येतं. डिस्नेलँडमधला बेअर कंट्री हा १९७२ चा कोपरा असाच बोळात होता आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. तिथे १९८९ मध्ये स्प्लॅश माउंटन उभा राहिला: उंच डोंगर, त्यावरून सुसाट खाली येणारी होडी, आणि लांबूनच ऐकू येणाऱ्या किंकाळ्या. आत गाणारे यांत्रिक प्राणी नवे करण्याऐवजी त्यातले बरेच वर्षभरापूर्वी बंद झालेल्या दुसऱ्या एका शोमधून आणले होते. म्हणजे एका रिकाम्या थिएटरचं सामान घेऊन एक रिकामा कोपरा जिवंत केला. या धंद्यात याहून शहाणं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

दुसरा उपाय म्हणजे बोळ फोडणं. २०१९ मध्ये तिथे चौदा एकरांचा स्टार वॉर्सचा भाग उघडला. त्याला तीन तोंडं ठेवली, आणि त्यातलं एक या जुन्या कोपऱ्याकडे निघतं. शेवटचं टोक होतं, ते जाण्यायेण्याचा रस्ता झालं. तुमच्याकडे चौदा एकर नसतील, पण बोळाच्या टोकाचं कुंपण काढून दोन मीटरची पायवाट पलीकडच्या रस्त्याला जोडली तरी पुष्कळदा भागतं. नव्या राइडचा विचार त्यानंतर करावा.

पायरी ४: घड्याळ लावून बघा

रिकामेपणा हा जागेपेक्षा वेळेचा जास्त असतो, हे या लेखातलं माझं सगळ्यात ठाम म्हणणं आहे. चौक सकाळी रिकामा, थिएटर शो नसताना रिकामं, तळं रात्री रिकामं, सगळं पार्कच ऑफ सीझनला रिकामं. म्हणून नकाशाच्या शेजारी दुसरा तक्ता करा. उभ्या रकान्यात जागा, आडव्यात तास, आणि त्याखाली बारा महिने. वापर असेल तिथे रंग भरा. पांढरे राहिलेले चौकोन म्हणजे तुमची खरी जमीन, आणि तिला एनए करावं लागत नाही.

डिस्नेलँडमधली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही नदी दिवसा होड्यांसाठी होती, अंधार पडला की नुसतं काळं पाणी. १९९२ पासून तिथे रात्री फँटाझ्मिक हा शो होऊ लागला. पाण्याच्या तुषारांचा पडदा, मधल्या बेटावर रंगमंच आणि काठावरच्या फरसबंदीवर हजारो प्रेक्षक. वेगळ्या नाट्यगृहाला जमीन लागली नाही. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कने २०१२ मध्ये आपल्या तळ्यावर ॲक्वानुरा हा कारंज्यांचा शो असाच आणला.

महिन्यांच्या बाबतीत कॅलिफोर्नियातल्याच नॉट्स बेरी फार्मचं उदाहरण घ्या. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी त्याच गल्ल्यांत धूर आणि भुतं सोडून हॅलोविनच्या रात्री सुरू केल्या, आणि त्या आजही चालू आहेत. कोपनहेगनचं टिव्होली १८४३ पासून उन्हाळ्यातली बाग होतं. १९९४ पासून ते नाताळातही उघडतं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच एपकॉट पार्कमध्ये तळ्याभोवती साधारण दोन किलोमीटरचा रुंद रस्ता आहे. त्यावर नव्वदच्या दशकापासून फुलांचे आणि खाण्यापिण्याचे महोत्सव भरतात. तिथलीच ‘वंडर्स ऑफ लाइफ’ ही इमारत २००७ मध्ये बंद झाली, पण तिचा मोठा घुमट पुढे बरीच वर्षं या महोत्सवांचं केंद्र म्हणून वापरला. कायमचा उपाय सापडेपर्यंत छप्पर कामाला लावायचं, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे हिशेब पावसाचा आहे. उघड्यावरच्या राइड्स जून ते सप्टेंबर धड चालत नाहीत. खोपोलीजवळच्या इमॅजिकाने २०१३ च्या थीम पार्कला २०१४ मध्ये वॉटर पार्क आणि २०१६ मध्ये बंदिस्त स्नो पार्क जोडला, त्यामुळे वेगवेगळ्या हवामानात माणसाला काहीतरी करण्यासारखं राहतं. छोट्या केंद्राला इतकं करायची गरज नाही. रांगेची पत्र्याची शेड पावसाळ्यात रिकामी असते. तिथे शाळांच्या सहलींसाठी मातीकाम, कंदील, पतंग, भोंडला काहीही भरवता येतं. शेडला फक्त तीन गोष्टी लागतात: वाऱ्याच्या बाजूला आडोसा, कोरडी जमीन आणि पुरेसा उजेड.

पायरी ५: खाली, वर आणि कुंपणापलीकडे

जागा म्हणजे फक्त जमिनीचं क्षेत्रफळ नाही. डिस्नेलँडभोवती मातीचा उंच बांध आहे आणि त्यावरून आगगाडी धावते. बाहेरचं शहर दिसू नये म्हणून केलेली ही सोय पुढे अडचण झाली. बांधाच्या आत मोठ्या इमारतीला जागाच उरली नाही. मग इमारती बांधाबाहेर गेल्या आणि लोकांना तिथे नकळत नेण्याची युक्ती शोधली. पायरेट्स ऑफ द कॅरिबियनमध्ये, १९६७ साली, होडी सुरुवातीलाच दोन धबधब्यांवरून खाली जाते. प्रवाशाला ती मजा वाटते. प्रत्यक्षात ती रुळांखालून बांध ओलांडण्यासाठी घेतलेली खोली आहे. १९६९ च्या हाँटेड मॅन्शनमध्ये तुम्ही एका खोलीत उभे असता आणि भिंती ताणून उंच होत जातात. ती खोली म्हणजे खाली उतरणारी लिफ्ट आहे. तिथून भुयारातून चालत माणूस बांधाबाहेरच्या इमारतीत पोचतो. फ्लोरिडात हीच राइड बांधली तेव्हा जागेची चणचण नव्हती. तिथे लोक जागच्या जागी राहतात आणि छत वर जातं. देखावा तोच, कारण मात्र उरलेलं नाही. अडचणीतून निघालेली युक्ती पुढे त्या राइडचा आत्माच झाली.

इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स या पार्कला झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बांधायला परवानगी नव्हती. त्यांनी खडक खणून मोठा खड्डा केला आणि १९९४ मध्ये नेमेसिस हा रोलर कोस्टर त्यात बसवला. कड्यांना घासून जाणारा रूळ उंचीपेक्षा जास्त थरारक ठरला. जर्मनीतल्या ब्र्यूलचं फँटासियालँड तर चहूबाजूंनी आवळलेलं आहे. तिथे २०१६ चा टारोन हा कोस्टर स्वतःच्याच रुळांखालून-वरून गुंफलेला आहे, वाटाही त्याच्यातूनच जातात. २०२० मध्ये त्यांनी रोलर कोस्टरच्या रुळांमध्येच हॉटेलच्या खोल्या बसवल्या.

आपल्या प्रमाणात याचा अर्थ असा: उतार असेल तर सपाट करू नका, घसरगुंडी किंवा बसायच्या पायऱ्या करा. रांगेच्या डोक्यावर जाळीचा झुलता पूल जाऊ शकतो का बघा. खणण्याआधी मात्र भूजलाची पातळी तपासा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं तर पंपाचं बिल आयुष्यभर भरावं लागेल.

पार्किंगबद्दल थोडक्यात. ते सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित मैदान असतं. डिस्नेलँडच्या जुन्या पार्किंगवर २००१ मध्ये कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर हे अख्खं दुसरं पार्क उभं राहिलं. गाड्या सुमारे दहा हजार क्षमतेच्या बहुमजली इमारतीत गेल्या. डिस्नेलँड पॅरिसने सुमारे १७ हेक्टर पार्किंगवर सौर छप्पर घातलं, त्यातून वर्षाला ३६ गिगावॉट-तासांच्या आसपास वीज अपेक्षित आहे, आणि खाली गाड्यांना सावली मिळते ती वेगळीच.

पायरी ६: फक्की मारा, मांडव घाला, मगच काँक्रीट

कल्पना पक्की वाटली तरी आधी जमिनीवर फक्कीने खऱ्या मापात आखा. राइडची जागा, रांग, बाहेर पडायची वाट, कचऱ्याची गाडी, सगळं. मग त्या रेषांमधून लहान मूल कडेवर आणि बॅग खांद्यावर घेतलेल्या बाईच्या चालीने चाला. कागदावर पुरेशी वाटलेली वाट बहुतेक वेळा इथेच अपुरी पडते. बाबागाडी आणि व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर काय होईल तेही पाहा.

त्यानंतर चार आठवडे तात्पुरती मांडणी करा. कापडी मांडव, हलवता येणारे बाक, पाण्याचा माठ, उसाचा रस किंवा भुट्ट्याचा एखादा गाडा. खर्चाचा क्रम माझा ठरलेला आहे: आधी सावली, मग बसायला जागा, मग पाणी आणि स्वच्छतागृह, मग खाणं, आणि सगळ्यात शेवटी राइड. हा क्रम उलटा केल्यामुळे फसलेले कोपरे मी बरेच पाहिले आहेत. प्रदर्शनात एखादं यंत्र आवडतं, ते विकत घेतलं जातं आणि मग त्याच्यासाठी जागा शोधली जाते. उन्हात, बोळात, स्वच्छतागृहापासून लांब ते बसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्यावर ताडपत्री पडते.

झाडं मात्र पहिल्याच दिवशी लावा. त्यांना वाढायला वेळ लागतो. कडुनिंब, करंज, बकुळ यांची सावली दाट असते. गुलमोहर दिसायला देखणा, पण वादळात त्याच्या फांद्या पडतात. बसायच्या जागेवर तो नको.

पायरी ७: काय सोडून द्यायचं

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधली नदी आणि बेट १९७० च्या दशकापासून तिथे होतं. ६ जुलै २०२५ हा त्याचा शेवटचा दिवस ठरला; तिथे आता ‘कार्स’ चित्रपटावर आधारित भाग होतो आहे. जागेच्या मानाने तासाला फार थोडी माणसं ती नदी वापरत होती, म्हणजे आकड्यांनी निर्णय बरोबर आहे. तरी मला तो खुपतो. नदीवर चढणाऱ्यांची मोजणी होते, पण तिच्या काठाने चालताना ज्यांचं डोकं शांत झालं, ज्यांचं रडणारं मूल पाणी बघून गप्प झालं, त्यांची नोंद कुठल्याच काउंटरवर होत नाही. म्हणून पहिल्या पायरीत ‘किती बसले’ हा रकाना मी आग्रहाने ठेवला आहे. जिथे चालू राइड नाही, दुकान नाही, तरी लोक दहा मिनिटांहून जास्त बसतात, ती जागा हिरव्या पेन्सिलने आखा आणि तिला हात लावू नका. बाक मोडला असेल तर तेवढा दुरुस्त करा.

बदल झाल्यावर मोजणी पुन्हा करायची: त्याच ठिकाणी, त्याच तीन वेळांना, पंधराच मिनिटं. पहिला महिना धरू नका, नवलाईने गर्दी होते. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी वेगळी काढा. नव्या कोपऱ्यात माणसं वाढली असतील तर शेजारच्या दोन जागाही मोजा, कारण बऱ्याचदा ती तिथूनच उठून आलेली असतात.